पोर्तोत वार लावून

सोमवार, ६ ऑक्टोबर

विमानतळावरून थेट भावाच्या, फिर्मिनोच्या दारात. बेल वाजवली, दार ठोठावलं – कुणी नाही. समोरची म्हातारी खिडकीतून ओरडली, "दुपारचा घरी कधी असतो तो? असेल कुठेतरी जेवत!"

एवढंच हवं होतं मला. कुठे जेवत असेल ते ठाऊक आहे. बाबांचे वार ठरलेले होते. रोज वेगळी खानावळ, कारण प्रत्येकीचा एक पदार्थ ठराविक वारीच व्हायचा. आम्हा दोघा भावंडांना बोटाला धरून न्यायचे. बाबांची टोपी, बाबांची चाल, सगळं या धाकट्याने उचललंय, वार कसे सोडील?

सोमवार म्हणजे अल्बर्टिनामावशी. नऊ वर्षांनी पाहून गळ्यातच पडली. मी ऐटीत तारली मासळी मागवली. सगळी खानावळ हसली! "सोमवारी तारली? रविवारी होड्या काय तुझ्या सासऱ्याने काढल्या? टोरोंटोने पार वाया घालवली गं तुला!" खरंच, विसरले कशी मी हे? मुकाट्याने घेवडा आणि डुकराचं मटण खाल्लं. चव तीच, तसूभर फरक नाही.

फिर्मिनो आला नाही. "गेल्या सोमवारी होता की!" – मावशी. असो. उद्या.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

नदीकाठची खानावळ. ऑक्टोपसचा पातळ भात, वर कोथिंबीर. पातेलंच आणून ठेवतात समोर. सव्वातीनपर्यंत बसले. आजूबाजूची टेबलं पुसून झाली, माझं राहिलं. तो नाहीच.

इथे तरी खरं लिहू. आई गेली तेव्हा मी आले नाही. सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याचं ऑपरेशन आहे. होतं – पण पुढच्या आठवड्यात. येता आलं असतं. भ्याले मी. आईला तसं पाहायची हिंमत झाली नाही. फिर्मिनोने एकट्याने सगळं केलं. नंतर फोनवर एवढंच म्हणाला, "आता येऊ नकोस." त्यावर नऊ वर्षं अवाक्षर नाही. मी फोन केला की आवाज ओळखून ठेवून द्यायचा.

हे त्याला तोंडावर सांगायचंय. त्यासाठीच आले. रविवारी परतीचं विमान.

बुधवार, ८ ऑक्टोबर

बुधवारची खानावळ गेली! तिथे आता मोबाइल दुरुस्त करतात. कोपऱ्यावर उभ्याने पाव-मटण खाल्लं. तेही झकास.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

वजडीचा वार. किंतिनोकाकांकडे अर्धी थाळी मागितली, तर म्हणाले, "अर्धी? दवाखान्यातून आलीस का?" पुरी आणली. बाबांच्याच टेबलावर बसवलं.

दोन वाजले, अडीच वाजले. काका दाराकडे बघायला लागले. "गुरुवार कधी चुकवला नाही गड्याने. तापातसुद्धा येऊन बसला होता. आज पहिल्यांदाच बघतोय."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मावशीने सोमवारीच सगळीकडे फोन फिरवले असणार. मी आल्याचं त्याला कळलंय, म्हणून तो जेवायलाच येत नाही! माझं तोंड नको म्हणून वजडी सोडली त्याने. ताट सरकवलं.

काका तिथेच उभे. "राग त्याचा तुझ्यावर आणि तू काढतेस वजडीवर? खा मुकाट्याने."

खाल्ली. मक्याच्या पावाने ताट पुसून खाल्लं. जेवल्यावर मनाला जरा उभारी आली, खोटं कशाला बोलू!

शुक्रवार, १० ऑक्टोबर

जाणार नव्हते. गेले. चढावरची ग्रासिंडाची खानावळ – खारवलेला मासा, छोले, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल हात न आखडता. ग्रासिंडा फिर्मिनोच्या वर्गातली, जीभ तिखट. तोही नाही, हे सांगायला नकोच.

"तुझं नाव निघालं की आधी शिव्या घालतो," ती म्हणाली, "आणि मग तासभर तुझ्याबद्दलच बोलतो. सोडून दिलेल्या माणसाबद्दल इतकं कोण बोलतं गं?"

रडू आलं. कांद्यावर ढकललं. येताना टेबलावरच्या कागदाचा तुकडा फाडून घेतला. त्यावर सगळं लिहिलं – ऑपरेशनचं खोटं, भीती, सगळं – आणि त्याच्या दाराखालून आत सरकवलं. पहिल्यांदाच हलकं वाटतंय. तो भेटो न भेटो, वाचेल तरी.

शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपार

आत्ताच लेकीचा फोन, टोरोंटोहून. इरिया हसत होती की रडत होती कळेना. "आई, फिर्मिनोमामा आलाय! आपल्या स्वयंपाकघरात बसलाय!"

रविवारीच उतरला म्हणे तिकडे. मी घर बदललं, फोन नंबरही बदलला, हे त्याला कधी कळवलंच नव्हतं. जुन्या पत्त्यावर भलतीच माणसं. मग काय, आठवडाभर आपल्या लोकांच्या एकेका खानावळीत जेवत, माझं नाव विचारत फिरला. आज एका बेकरीवालीने ओळखलं.

मग तोच फोनवर आला. नऊ वर्षांनी आवाज. "ताई, येऊ नकोस म्हणालो होतो ना, ते मागे घ्यायला आलोय. आणि तू घरात नाहीस!"

म्हटलं, हलू नकोस तिथून. उद्या येतेय.