तीस नोव्हेंबरचं पत्र

१२ ऑगस्ट

आज बारा ऑगस्ट. पोस्टमनने तुझी चार पत्रं एकदम हातात ठेवली, आणि शेवटच्यावर तारीख आहे तीस नोव्हेंबर! नोव्हेंबरात तुला सर्दी झाली आणि बरीसुद्धा झाली. ऑक्टोबरातल्या रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी गुडघे टेकलेस म्हणे. न उजाडलेल्या रविवारी! मला फसव, पण प्रभूला कशाला गं? दुसरीतून शाळा सुटली माझी, तरी कॅलेंडर कळतं मला.

चि. चिंगीस आजीचे अनेक आशीर्वाद. इस्त्रीचं दुकान चालू आहे. परवा शिक्षिकाबाईंचा पांढरा ब्लाउज जाळला. इस्त्री कुठे टेकली ते दिसलंच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा गेलाच, उजवाही डिसेंबरपर्यंत टिकायचा नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही. हे रडगाणं नव्हे. पण उरलेला डोळा मी खोटं वाचण्यात घालवणार नाही.

तुझी, अजून माया असलेली,
आजी

१९ ऑगस्ट

ती. आजीस सलाम. वि. वि.

पकडलंस. जूनमध्ये एका दुपारी चारही पत्रं लिहून खोलीतल्या मैत्रिणीकडे दिली, म्हटलं महिन्याला एक टाक. ती घरी जाताना गठ्ठाच टपालपेटीत टाकून गेली.

डिसेंबरात परीक्षा आहे गं. दिवसभर कवळ्या घडवायच्या. मेण तापवायचं, एकेक दात बसवायचा, केसभर हलला तर मास्तर अख्खी कवळी वितळवायला लावतात. जेवताना मी उद्याचा धडा वाचते, अंथरुणात परीक्षेनंतरचे बेत करते. तुझं पत्र वाचलं आणि लक्षात आलं, दोन वर्षं इथे राहून समोरच्या घराचा रंग मला सांगता येणार नाही. खिडकी उघडली. हिरवा आहे. दारात एक म्हातारी एकटीच शेंगा सोलत होती. तिने हात हलवला आणि मला रडूच फुटलं.

डोळ्यांचं तू ब्लाउजाइतकं सहज लिहून मोकळी झालीस. परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी गाडीत बसते, शपथ. तोवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहीन.

राग कमी, लोभ जास्त असू दे.
तुझी चिंगी

२६ ऑगस्ट

चि. चिंगीस अ. आ.

शपथा घेऊ नकोस, आपल्यात घेत नाहीत. हिरव्या घराचं दोनदा वाचलं. ते त्याच दिवशी लिहिलेलं होतं, कळतं.

तुझे आजोबा रोज संध्याकाळी पायरीवरून हाक मारायचे, ये, बस जरा. मी म्हणायचे, एवढी चळत संपू दे. कपड्यांची चळत कधी संपते का? ते पायरीवरच वारले तेव्हा मी आत चादरींच्या घड्या घालत होते. आता बसायला वेळच वेळ आहे, आणि शेजारी भिंत. पाळकसाहेब म्हणाले, स्वर्गात भेट होईल. होईलच, माझा विश्वास आहे. पण देवाने ती संध्याकाळसुद्धा दिली होती, आणि मी ती न उघडताच परत केली. प्रार्थनेत आपण आजच्यापुरतीच भाकर मागतो आणि राहतो मात्र पुढल्या महिन्यात.

डिसेंबरात आलीस तर तुझा आवाज कळेल, हात कळेल. तोंड नाही कळायचं. लहानपणी गालावर खळी पडायची, अजून पडते की शहाणपणाने बुजली, ते मला बघायचंय. परीक्षा सोड म्हणत नाही. नीट शीक, कवळी मलाच लागणार आहे. एक रविवार ये. सकाळच्या गाडीने ये, संध्याकाळच्या गाडीने चालती हो.

आहे तोवर तुझीच,
आजी

ता. क. तुझ्या आईला मध्ये घालू नकोस, ती नुसतं 'बघू' लिहिते. उत्तर तूच द्यायचं, हे वाचून झाल्या झाल्या, चपला काढायच्या आधी. कोणता रविवार तेवढं लिही. नाही म्हणायचं असलं तरी तूच लिही, तुझ्या हाताने.