उजव्या पायाचा मोजा

कोल्हापूर, ३ डिसेंबर २०२४

ती. अक्काताई आत्यास,
दानेश्वरीचा शि. सा. न., वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले तर अप्पा ऐकतील, म्हणून पत्र.

उसाच्या ट्रॉलीखाली अप्पांच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली, त्याला सात आठवडे झाले. जखम भरली, पण तुझा भाऊ पाय जमिनीला टेकवत नाही. दिवसभर खुर्चीत, पायावर चादर. ती मलासुद्धा उचलू देत नाहीत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरीही. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत चालले नाहीत तर घोटा कायमचा आखडेल. मला भीती वाटते गं.

विकतच्या मोज्याची शिवण व्रणाला टोचते म्हणतात, म्हणून मी मोजे विणायला घेतलेत. स्वेटर येतो मला, पण चार सुयांवर हात बसत नाही. तीनदा टाचेपर्यंत आले. एक टाका गळलेला दिसला की सगळं उसवते. टाच कशी वळवायची ते लिही.

तुझ्या मायेची सवय लावलीस, ती मोडू नकोस.
दानेश्वरी

गडहिंग्लज, ७ डिसेंबर

चि. दानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

अगं यव्वा, उसवतेस कशाला? निम्मे टाके एका सुईवर घेऊन पट्टी विण, मग मधल्या टाक्यांवर मागं-पुढं जात कडेचा एकेक टाका गिळत चल. एखादा गळला तर मागनं धाग्यानं बांध आणि पुढं हो. पंचवीस वर्षं मी तुझ्या बापाला, चनबसाप्पाला मोजे धाडले, एक जोड सारखा न्हवता. त्यानं कधी तोंड उघडलं न्हाय. आता माझी बोटं वळत न्हाईत, न्हाईतर मीच धाडले असते.

तू भूमापनात नोकरीला, बांधाची बोटभर जमीन सोडत न्हाईस, ठाऊक हाय. पण घर म्हंजे सरकारी नकाशा न्हवं. महिना पळतोय.

तुझी आत्या

कोल्हापूर, १६ डिसेंबर

ती. आत्यास शि. सा. न.

घात झाला. दोन्ही मोजे झाले, एकही टाका चुकला नाही, टोकाला टोक जुळलं. अप्पा पाय दाखवत नाहीत, म्हणून माप जुन्या बुटांवरून घेतलं होतं. काल चादरीखाली हात घालून उजवा चढवला. त्यांनी पाय बाहेर काढून पाहिला, तर पुढं दोन बोटांची जागा रिकामी लोंबत होती. मग मोजा ओढून भिंतीवर फेकला आणि म्हणाले, हा माणूस गेला, त्याचे कपडे शिवत बसू नको. तेव्हापासून जेवले नाहीत. माझ्याच हातानं केलं मी हे. आता विणणं बंद.

दानेश्वरी

गडहिंग्लज, १९ डिसेंबर

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

रडून घे आणि ऊठ. जगाच्या जमिनी मोजतेस आणि बापाचा पाय मोजायला घाबरलीस व्हय? मोजा बरोबर हाय, पण ट्रॉलीच्या आधीच्या पायाचा. चादर काढ. ओरडला तर ओरडू दे, पाळण्यात असल्यापासनं ओरडतोय. हात लावून माप घे. उजवा आखूड विण, तिरका विण. आणि उसवायचं न्हाय, माझी शपथ हाय.

जेवलीस का ते कळव.
आत्या

कोल्हापूर, ३० डिसेंबर

ती. अक्कास चनबसाप्पाचा शरणार्थ.

तुझ्या भाचीनं चादर ओढली. मी लई शिव्या घातल्या. तिनं मान खाली घालून पाय मांडीवर घेतला, व्रणावर हात ठेवला आणि माप घेतलं. अक्का, मला वाटलेलं पोरगी किळस करंल.

उजवा मोजा आखूड हाय, तिरका हाय, टाचेला गाठ हाय. वर एक टाका गळलाय. तिला तो दिसतोय, उसवायला हात शिवशिवतात. म्हणून चार दिस मी मोजा पायातनं काढलाच न्हाय.

लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे, आणि पोरीला जरा कमी शिकव.
चनबसाप्पा

ता. क. पोरगी हापिसात गेलीय. टपालपेटी कोपऱ्यावर हाय, काठी घेऊन मीच निघालोय. पत्र तुला पोचलं, तर समज मीबी पोचलो.