बांधावरचा व्यायाम

भाईंदर,
१२ नोव्हेंबर १९७३

तीर्थस्वरूप शिवदासदादांस,

धाकट्या चुलतभावाचा, पुंडलिकाचा, साष्टांग नमस्कार. गणपतीनंतर पत्र नाही, क्षमा असावी. घोडबंदरपर्यंत माझी कीर्ती एव्हाना पोचलीच असेल. खरं काय ते माझ्याच हातून कळावं, म्हणून आज बसलोय. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमची तब्येत? (हे रीत म्हणून विचारलेलं नाही. पुढे वाचा.)

आधी आमचे आबा गेले, श्रावणात तुमचे अण्णा. दोघेही प्रॉस्टेटच्या कॅन्सरनं. सख्खे भाऊ ते. त्यांच्यामागे आता आपण दोघं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, हे रक्तातून येतं का? म्हणाले, घरात दोघांना झालंय, तुम्ही जपायला हवं. शरीर हलतं ठेवा, व्यायाम करा. (आणखीही काही म्हणाले.) मी पडलो खुर्चीत बसून फायली हलवणारा. पळायचं ठरवलं. रस्त्यावर लोक हसतील म्हणून मिठागराचा बांध निवडला. आणि दिवस कुठला, तर पौर्णिमेचा, ऐन उधाणाचा!

दादा, भरतीच्या वेळी बांधावरून माणूस पळताना दिसला तर आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, की बांध फुटला. हे मला, मिठागरवाल्याच्या मुलाला, सुचू नये? मागे वळून पाहतो तर अख्खा पाडा फावडी-टोपल्या घेऊन धावत येतोय. ते पाहून मला वाटलं, खरंच फुटला! मी जिवाच्या आकांतानं पळू लागलो. मला पाहून ते आणखी जोरात. शेवटी माझाच दम संपला.

"कुटं फुटला रं?" म्हाताऱ्या धर्माजीनं विचारलं.

"कुठंच नाही. व्यायाम करतोय."

शेवंतीकाकीनं टोपली आपटली. "कापलेला भात शेतान टाकून आलो, नि ह्यो म्हनं व्यायाम करतंय!"

मग लाजेकाजेनं खरं कारण सांगितलं. कोणी हसलं नाही. धर्माजी बांधावरच बसला. म्हणाला, "आरं, तुजा बाप नि चुलता जलमभर ह्याच बांधावरून मिठाच्या टोपल्या वाहत व्हते. त्यांच्यापरीस जास्ती पलशील तू?"

दादा, एवढं साधं मला दिसलं नव्हतं. तडक डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, व्यायाम सोडू नका, शरीराला चांगलाच आहे. पण हा आजार त्यानं टळेल अशी हमी मी देणार नाही.

वहिनींस नमस्कार.

तुमचा,
पुंडलिक

ता. क. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत आधी सांगितलं होतं ते तपासून घ्यायला. तपासणी बोटानं होते. कुठून, तेही त्यांनी सांगितलं. खरं तर मी पळू लागलो तो दवाखान्याच्या पायरीपासूनच.

ता. क. २. सुगंधाला हे कळलं. म्हणाली, "चार बाळंतपणं मी काय दार लावून एकटीनं केली? आणि तुम्हा मर्दांना एका बोटाचं भय!"

ता. क. ३. दादा, तुम्ही इकडे या. आपण दोघंही तपासून घेऊ. तुम्ही थोरले, तेव्हा आधी आत जाण्याचा मान तुमचा. (हे वाक्य खोडलंय, तरी तुम्ही वाचालच. आधी मी जाईन. तुम्ही बाहेर बाकावर बसा आणि मी बाहेर आल्यावर माझ्या तोंडाकडे पाहून पळू नका.)

उद्याचं काम: दवाखान्यात दोघांची नावं नोंदवणे.