कॉबलर कुठून आला

प्रिय मास्तर,

उत्तराला उशीर झाला म्हणून गाल फुगवून बसला असशील. बस थोडा वेळ. आता उरलेली वर्षं एकत्र राहू या का, हे तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडात खिळे धरलेले होते. अशा वेळी बाईने हो म्हणावं की नाही? वर तुझा तो इंग्रजी शब्द दुकानात टाकून निघून गेलास, छत्री विसरावी तसा.

दुकानाच्या पाटीसाठी वजनदार शब्द मागितला, तर तू दिलास कॉबलर. अर्थ काय, तर ओबडधोबड जोडाजोड करणारा. रागच आला मला. बाबांची आरी हातात घेतली तेव्हापासून माझ्या शिवणीला कुणी नाव ठेवलेलं नाही. मग तू सावरून घेतलंस. पूर्वी तिकडे नवे जोडे करणारे वेगळे, त्यांचं नावही वेगळं. कॉबलरने जुन्यालाच हात लावायचा. आणि हा शब्द मुळात आला कुठून, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही म्हणालास.

ते मात्र मनात राहिलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं, ऊन फळीवरच्या जोड्यांवरून हळूहळू सरकतं आणि मी शिवता शिवता कुठल्या कुठे जाते. वाटतं, आला असेल तो शब्द बिचारा चालत, कुणीतरी आत घेतलं असेल, गाव न विचारता. परवा तर बसल्या बसल्या डोळा लागला. फळीवरचे सगळे जोडे खाली उतरले आणि पायांवाचून रस्त्याला लागले. त्यात आमच्या ह्यांचे काळे बूटही होते. हे गेल्यापासून ते मी कुणाला दिले नाहीत, तुला माहीत आहे. बूट वळणावरून दिसेनासे झाले. जागी झाले तेव्हा रडत होते, पण बरं वाटत होतं.

लेक फोनवर म्हणाली, या वयात लोक काय म्हणतील. म्हटलं, लोकांच्या टाचा माझ्या हातात आहेत, बोलून जातील कुठे? हसली. आणि शेवटी तुझ्या खोकल्याची चौकशी केली.

तोंडाने सांगायला गेले की मी थट्टेवर नेते, म्हणून हे लिहिलं. हो, मास्तर. नवा संसार मांडायची हौस नाही आणि दमही नाही. आपले दोन जुने आहेत, तेच जोडू. येताना पुस्तकं कमी आण, पण वहिनींचा फोटो विसरू नकोस. ह्यांच्या फोटोशेजारी मी सकाळीच खिळा ठोकलाय.

लिहायला लाज वाटतेय, तरी
तुझीच