वैशाखात अडलेले दार

श्री

मी खुशालराव वल्द नत्थुजी, जात कुणबी, धंदा शेती, वय अदमासे साठ, राहणार मौजे सावळापूर, परगणे अकोट, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगून लिहवितो. पायांवर सूज आहे, दम लागतो, पण डोके जागेवर आहे. कोणी भरीस घातलेले नाही.

कलम १. काळी जमीन, बैलजोडी व शेतीची अवजारे मुलगा भगवंतराव यास द्यावी. दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, मात्र विकावी. कापसाला भाव आला त्या साली ती मी अमरावतीहून आणली, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढविल्या आणि गावभर मिरवलो. त्याच साली स्वयंपाकघराची तुळई बदलायची होती.

कलम २. आमचे घर धाब्याचे. सागाच्या तुळया, वर फळ्या, फळ्यांवर माती. पाणी गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढरी माती पसरतात. आधी जुनी खरवडून उतरवायची, मग नवी टाकायची, ही वडिलांची रीत. खरवडण्याची मेहनत मी टाळली. थरावर थर देत गेलो. वीतभर माती होती ती हातभर झाली.

मग स्वयंपाकघराचे दार अडू लागले. पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा दार अडले तर नवल नाही. हे वैशाखात अडले, म्हणजे वरचा भार चौकटीवर उतरला होता. माझी बायको मैनाबाई म्हणाली, “पिठात लाकडाचा भुसा पडून राहिला जी. एक खेप वर पाहा ना.” मी वर पाहिले नाही. रंधा घेतला आणि दाराची वरची कड तासली. पुढच्या वैशाखात दार पुन्हा अडले, मी पुन्हा तासले.

शेषराव सुताराने तुळईवर काठी ठोकून सांगितले, “पाटील, हे आतून पोकळ हाये. माती उतरवा, मंग लाकूड बदलू.” मी चारचौघांत त्याला म्हणालो, “तुले लाकूड इकायचं हाये म्हनून भेव दाखवून राहिला का?” तो उठून गेला. त्या दिवसापासून त्याने माझ्या अंगणात पाय ठेवला नाही.

श्रावणात तुळई मोडली. मैनाबाई चुलीपुढे होती, मी शेतात होतो. लोकांनी माती उपसून तिला बाहेर काढले, तेव्हा हातात परात तशीच होती. तिच्या मरणाचा दोष माझा आहे. हा कागद लिहिणारे कमलाकांतपंत म्हणतात, दस्तात असे लिहीत नाहीत. मी म्हटले, लिहा. त्यांना दोन वेळा सांगावे लागले.

कलम ३. या गोष्टीला दोन वर्षे होत आली. औंदा माजघराचे दार अडले आहे, आणि महिना वैशाखच आहे. माजघराच्या धाब्यावर भगवंतरावाने न विकलेल्या कापसाची गाठोडी रचली आहेत. भाव उतरला, तो म्हणतो, पुन्हा चढेल. त्या छताखाली सून कौशल्या व दोन नातवंडे निजतात. परवा कौशल्या माझ्यापाशी येऊन म्हणाली, “मामाजी, दार अडून राहिलं. रंधा कुठी हाये?” भगवंतरावाला बोलावले तर म्हणाला, “बाबा, औंदा माती टाकतो, पुढच्या साली पाहू.” हे माझेच बोलणे आहे, तो माझ्याच तोंडून शिकला.

म्हणून घर मी भगवंतरावाला देत नाही. घर सून कौशल्या हिला, तिच्या एकटीच्या मालकीने देतो. अट अशी की मृग लागण्याच्या आत कापूस खाली यावा, सारी माती उतरवावी आणि किडलेले लाकूड बदलावे. दमणी व शेंब्या विकून येईल ते सागाकडे लावावे. माझ्या दहाव्या-तेराव्यासाठी काम थांबवू नये. एखाद्या जागी गळत असेल तर माती भरून भागते. पण तुळई मधे वाकली, भुसा पडू लागला, भिंतीच्या माथ्याला भेग गेली, कोरड्या महिन्यात दार अडले, तर छतच उतरवावे. हे नातवंडांना समजेल अशा बोलीत वाचून दाखवावे.

कलम ४. शेषराव सुताराची मी माफी मागतो. नाल्याकाठची जुनी बाभूळ त्याची. अवजारांच्या दांड्यांना कामी येईल. रंधा मी अकोटच्या बाजारातून आणला होता, सुताराच्या दारी जावे लागू नये म्हणून. तो कोणास देऊ नये. माझ्या चितेवर ठेवावा.

साक्षीसाठी शेषरावाला निरोप धाडला. येईल असे वाटले नव्हते, आला. सारा कागद उभ्यानेच ऐकला, माजघरात जाऊन वर पाहून आला आणि म्हणाला, “निशाणी मंग करतो. आधी शिडी आना.”

निशाणी नांगर: खुशालराव वल्द नत्थुजी.

साक्ष: शेषराव सुतार, निशाणी पटाशी. धाब्यावरून उतरल्यावर केली.

भगवंतराव वल्द खुशालराव: घर कौशल्येस दिल्याचे मान्य. शिडी धरून होतो, सबब निशाणी कापूस उतरल्यावर केली.

लिहिणार कमलाकांतपंत, वस्ती अकोट.

वैशाख शुद्ध अष्टमी, शके १७८७, क्रोधन संवत्सर. मुक्काम सावळापूर, खुशालरावांचे अंगण, सर्वांची अंथरुणे बाहेर आणल्यावर.