कोपराचं माप

घरच्या मालकिणीस,

पलंग, दोन्ही कपाटं, जेवणाचं टेबल आणि स्वयंपाकाचा लाकडी ओटा, हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं. कुणाकडे शिकलो नाही, तरी एकही सांधा हलत नाही, हे येईल त्याला ऐकवत आलो.

काल लग्न ठरलेलं एक जोडपं ओट्याचं काम घेऊन आलं. नेहमीप्रमाणे मी मुलीला कोपर वाकवून उभं केलं आणि टेप लावला. मुलगा म्हणाला, "काका, माझंही माप घ्या, भांडी मलाच घासायचीत."

"म्हणून तर लग्न करतेय!" ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. मग तिने सहज विचारलं, "काकूंचा ओटा किती उंच केलात?"

मी टेप गुंडाळून ठेवला. तुझं माप मी कधी घेतलंच नव्हतं. ओटा माझ्या कोपराला बेतला आणि तू पायाखाली फळी घेऊन रांधत राहिलीस.

"माझ्याशी लग्न कशाला केलंत?" असं तू एकदा विचारलं होतंस. "घर पुरं व्हावं म्हणून," मी म्हणालो.

"म्हणजे मी शेवटचं फर्निचर!" तू म्हणालीस, आणि मी ते चेष्टेवारी नेलं.

आता दुखरा खांदा घेऊन तू बहिणीकडे गेलीस. परत ये म्हणायला मला तोंड नाही, आणि हे पत्र पेटीत टाकायचा धीरही होणार नाही. जाण्याआधी तू म्हणाली होतीस, "अहो, मला गिऱ्हाईक समजा. मजुरी देते, पण ओटा चार बोटं खाली घ्या." ओटा तसाच ठेवून मी ऐटीत म्हणालो, "घरच्या माणसाकडून मी मजुरी घेत नाही," आणि तुझे शिवणकामाचे तीन हजार परत केले.

ओशाळलेला,
तुझा घरचा सुतार