आतला पहारा

९ जून

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, म्हाताऱ्यावर रागावू नकोस. चार पानं लिहिलीस; सातवी शिकलेल्याला ती पचायला वेळ लागणारच. तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

तू नक्की काय करतेस ते मला आत्ता कुठे कळलं. आजवर कुणी विचारलं, की उंदरांवर काहीतरी करते, असं सांगून सुटायचो. आतड्याच्या अस्तराला लागून पहारेकरी पेशी बसलेल्या असतात, आत येणारा प्रत्येक घास, प्रत्येक जंतू तपासतात, कुणाला सोडायचं नि कुणाला अडवायचं ते ठरवतात, असं तू लिहिलंस. अगं, मग चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर मी दुसरं काय केलं? आई म्हणाली, एवढं शिकून पोरगी शेवटी बापाच्याच स्टुलावर जाऊन बसली.

आईचं पोट वर्षभर शांत आहे. ना रक्त, ना कळा. आतड्याच्या सुजेवरची पांढरी गोळी रोज सकाळी मीच माझ्या हाताने देतो. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. परवा पोटाचे डॉक्टर म्हणाले, की या गोळीने आम्ही शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. म्हणजे तुझे ते पहारेकरीच ना? पहारेकऱ्याला गुंगी देऊन कुणी फाटक राखतं का? विचारायचा धीर झाला नाही. बाहेर रांग होती. तूच समजावून लिही. तोवर मला चैन नाही.

आहे तेवढी माया असू दे. वाढली तर नको म्हणणार नाही.

तुझे बाबा


२८ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नका. तुमचे पहारेकरी इथे सगळ्यांना आवडले. आमच्या साहेबांनी तर भाषणात ते स्वतःचेच म्हणून वापरले!

सध्या बिनखिडकीच्या गार खोलीत दिवसचे दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. सुजलेल्या आतड्याचे कागदाहून पातळ काप, रंग दिलेले. त्यात या पेशी हिरव्या चमकतात. त्या मोजायच्या. चार वर्षांनी हाती काही लागलं आहे. सूज आल्यावर ज्या पेशी धुमाकूळ घालतात, त्यांतल्याच काही पुढे जखम भरायला लागतात. आम्ही काही उंदरांतून त्या काढून टाकल्या, तर जखमा भरेचनात. पुढच्या महिन्यात यावरचा लेख पाठवायचा आहे. मान वर करायला फुरसत नाही.

गोळीचं विचारलंत ते लक्षात आहे. ते सावकाश लिहायला हवं, पुढच्या पत्रात नक्की लिहीन. तोवर घोर लावून घेऊ नका. कुलूप लावून ते ओढून बघायचं आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढायचं, ही तुमची खोड काही जायची नाही.

आईला नमस्कार. लेकीवर कृपादृष्टी आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची थोरली


२१ सप्टेंबर

चि. थोरलीस आशीर्वाद. वि. वि.

फार उशिरा लिहितो आहे. गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणालो. ते खोटं होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून बोलत होतो. तोंडाने सांगवेना, म्हणून कागद घेतला.

आई नऊ तारखेपासून इस्पितळात आहे. दोष माझा.

तुझ्या पुढच्या पत्राची मी वाट पाहिली नाही. त्या पेशी काढल्या तर जखमा भरत नाहीत, असं तू लिहिलंस. मला वाटलं, हेच माझं उत्तर. डॉक्टरांच्या विरुद्ध लेक उघड कसं लिहील? पाच जुलैपासून पांढरी गोळी बंद केली. आईला कळू नये म्हणून त्याच आकाराची ताकदीची गोळी दुकानातून आणून देऊ लागलो. खरी गोळी रोज माझ्या जुन्या शिट्टीच्या डबीत टाकायचो. फेकवत नव्हती. पहिला महिना आई छान होती. मी मनात फुशारलो. मग ती संडासात फार वेळ बसू लागली. माझ्याआधी उठून कपडे धुऊन टाकायची. नऊ तारखेला तिथेच पडली. लादीवर रक्त होतं.

डॉक्टरांनी विचारलं, की गोळ्या नियमित चालू होत्या ना. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, की हे स्वतःच्या हाताने देतात, एक दिवस चुकत नाहीत. मी खाली मान घालून उभा राहिलो. फाटकावर पकडलेले चोर तसेच उभे राहायचे.

शिरेतून औषध दिलं, उतार पडेना. गोळी चालू असूनही दुखणं उसळलं, म्हणजे गोळी हरली, असं धरून डॉक्टरांनी मोठं आतडं काढायचं ठरवलं. परवा मला सहीला बोलावलं. पेन हातात घेतलं, पण कागदावर टेकवेना. खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली आणि पहारेकऱ्यांना गुंगी नको म्हणून गोळी बंद केल्याचं सांगितलं. त्यांनी गोळ्या ओतून मोजल्या. सहासष्ट. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आजोबा, पहारेकरी खरे, पण यांच्या आतड्यात ते चोर सोडून घरच्यांनाच झोडपतात. आम्ही त्यांना झोपवत नाही, हातची काठी काढून घेतो. मग म्हणाले, की गोळी हरलेली नाही, तर घाई नको. औषध बदलून चार दिवस पाहू. उतार पडला तर आतडं वाचेल. आज दुसरा दिवस.

आईलाही सगळं सांगितलं. ती भिंतीकडे बघत पडली होती. म्हणाली, मला जुलैतच कळलं होतं. जुनी गोळी कडू होती, ही गोडसर. थोरलीनेच पत्रात बंद करायला लिहिलं असेल असं तिला वाटलं. तू यातलीच ना. आणि डॉक्टरांसमोर पोरीचं नाव कशाला, म्हणून तिने तसं सांगितलं. रक्त दिसू लागलं तरी तुझ्यावर भरवसा ठेवून ती गोड गोळी गिळत राहिली.

हे तुला लिहावं का, याचा दोन दिवस विचार केला. तुझ्या माथी काही मारायचं नाही. पण यापुढे या घरात कुणी कुणाला जपायला म्हणून गप्प बसायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

आज सकाळी कळा जरा कमी आहेत. रक्त आहे. गोळी आता नर्स देते, मी नुसता बघतो. तुझा लेख छापून आला का, असं आईने विचारायला सांगितलं आहे.

रागाव, हवं ते बोल. लोभ आटला असेल तर तसंही लिही. पण पुढच्या पत्रात लिहीन म्हणाली होतीस, ते पत्र आता पाठव. लवकर पाठव.

तुझे बाबा